सहावीसाठी मनपा की जिल्हा परिषद शाळा? तुलना नेमकी कशावरून करायची (मानेवाडा-बेसा भाग)

मानेवाडा_पालक

मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यम. पुढच्या सत्रात सहावी. घर मानेवाडा चौकाच्या पुढे, बेसा रोडला. सरकारी शाळेतच ठेवायचं हे घरात पक्कं झालेलं आहे, म्हणून सीबीएसईचे सल्ले कृपया नकोत.

आवाक्यात तीन प्रकारच्या शाळा आहेत. एक मनपाची उच्च प्राथमिक, आठवीपर्यंत. दुसरी हद्दीपलीकडची जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. तिसरं मनपाचंच माध्यमिक विद्यालय, दहावीपर्यंत, पण लांब. मनपा आणि जिल्हा परिषद यांची कार्यालयं वेगळी, दोन्हींची एकत्र यादी कुठे दिसत नाही. चौकशी केली की लोक इमारत, डिजिटल वर्ग आणि "तिथले शिक्षक चांगले आहेत" एवढंच सांगतात.

सहावी ते आठवीच्या शाळा एकमेकींशी ताडून पाहायच्या तर कोणते आकडे आणि कोणते कागद पाहावेत, ते कुठे मिळतात, आणि कोणत्या आकड्यांवर विसंबू नये?

खडू_फळा

एकत्र यादी आहे. यू-डायस प्लसचं (देशभरातल्या शाळांची सरकारी माहितीप्रणाली) 'नो युवर स्कूल' पोर्टल उघडा. शाळा मनपाची असो, जिल्हा परिषदेची असो की अनुदानित, प्रत्येकीला अकरा अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे (२७), पुढचे दोन जिल्ह्याचे (नागपूरचे ०९). म्हणजे आपल्याकडची कुठलीही शाळा २७०९ नेच सुरू होणार. नावावरून शोधताना जपून, कारण मनपाच्या एकाच आवारात मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या शाळा सारख्याच नावाने भरतात. कोड शाळेच्या फलकावरून टिपून घ्या आणि तोच टाका.

शाळेचं प्रपत्र उघडलं की लोक आधी संगणक आणि शौचालयं बघतात. तुम्ही आधी शिक्षकांच्या तक्त्यात जा. तिथे कोणते शिक्षक कोणत्या गटाला शिकवतात ते वेगळं दिलेलं असतं: फक्त प्राथमिक, फक्त उच्च प्राथमिक, किंवा दोन्ही. सहावी-आठवीच्या शाळेची पारख इथेच होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच परिशिष्टातली दुसरी अट मात्र फार कमी लोक विचारतात: प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र व भाषा या तीन गटांना किमान एकेक. आपल्याकडे यांना पदवीधर किंवा विषय शिक्षक म्हणतात. पहिली-पाचवीचे ते सहायक शिक्षक. समजा सहावी ते आठवीत मिळून ६० मुलं आहेत आणि शिक्षक तीन. वीसाला एक, कागदावर उत्तम. पण ते तिघेही खालच्या वर्गांवरून वर ओढलेले सहायक शिक्षक असतील, तर बीजगणित आणि विद्युतधारा कोण शिकवणार? प्रमाणाच्या आकड्यात हे दिसत नाही. त्यातही बहुतेक जण पहिली ते आठवी अख्ख्या शाळेचा पट भागिले सगळे शिक्षक असं गणित करतात. त्याने तर काहीच कळत नाही. वरच्या तीन वर्गांचा पट आणि वरच्या गटाचे शिक्षक वेगळे काढा.

मुख्याध्यापकांना सरळ विचारा: "सहावी-आठवीला विषय शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का?" हा प्रश्न अपमानाचा नाही, रोज विचारला जावा असा आहे. नवीन भरतीतले शिक्षक असतील तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोन कोणत्या विषयातून दिला हेही विचारता येतं. सहावी-आठवीसाठी तो पेपर लागतो आणि त्यात गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र हे निवडावं लागतं. सामाजिक शास्त्रवाले तीन आणि गणिताला कोणी नाही, अशी अवस्था असू शकते.

दुसरा तक्ता वर्गवार पटाचा. इथे एक चूक हमखास होते. एकाच वर्षातली सहावी, सातवी, आठवी शेजारी शेजारी ठेवून "मुलं गळून राहिली" असा निष्कर्ष काढतात. तसं करू नका. मागच्या वर्षीची सहावी आणि यंदाची सातवी, त्याआधीची सहावी आणि यंदाची आठवी, असं तिरकं वाचा. तीच मुलं आहेत ती. मागच्या वर्षी सहावीत ४० आणि यंदा सातवीत २८ असतील तर बारा पालकांनी वर्षभरात शाळा बदलली, आणि कारण शोधायलाच हवं. उलट आठवीत एकदम पट वाढलेला दिसला तर आजूबाजूच्या सातवीपर्यंतच्या शाळांतली मुलं तिथे आली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तो गुणवत्तेचा पुरावा धरू नका.

वर्गखोल्यांच्या ओळीत एकूण खोल्या, चांगल्या, किरकोळ दुरुस्तीच्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या असे आकडे असतात. चांगल्या खोल्या आणि तुकड्या यांची वजाबाकी केली की दोन वर्ग एकत्र बसतात का ते कळतं.

हे सगळं मुख्याध्यापकच भरतात आणि ३० सप्टेंबरचा पट धरतात. म्हणजे तुम्ही जानेवारीत पाहता ती माहिती जुनी असू शकते. 'ग्रंथालय: आहे' म्हणजे कुलूपबंद कपाटही असू शकतं. म्हणून यू-डायसचा उपयोग शाळा छाटायला करा. निवड करायला शाळेतच जावं लागेल.

सीताबर्डी_वाचक

वर सांगितलंय त्यात भर. विसंबू नये अशा आकड्यांबद्दल विचारलंत, तर निकालांपासून सुरुवात करतो.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (नोव्हेंबर २०२१) आणि परख या केंद्रीय मूल्यमापन संस्थेचं राष्ट्रीय सर्वेक्षण (४ डिसेंबर २०२४) हे नमुना सर्वेक्षण आहेत. त्यांतून नागपूर जिल्हा कुठे उभा आहे ते कळतं, तुमच्या शेजारची शाळा नाही. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण तर फक्त ग्रामीण भागातल्या घरोघरी जाऊन होतं, म्हणजे मनपा हद्द त्यात येतच नाही. कोणी या अहवालांच्या आधारे "जिल्हा परिषदेच्या शाळा मनपापेक्षा बऱ्या" म्हणत असेल तर ते मानू नका.

शाळेपुरते निकाल तीन ठिकाणी मिळतात.

शिष्यवृत्ती परीक्षा. राज्य परीक्षा परिषद घेते, दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. २०१७ पासून ती सातवीऐवजी आठवीला होती, २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा सातवीला नेली, म्हणून फलकावर रंगवलेली जुनी नावं पाहून हुरळू नका.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीतच, केवळ शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलांसाठी. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. माझ्या मते उच्च प्राथमिक सरकारी शाळा ताडायला याहून चांगली परीक्षा नाही, कारण सगळ्या शाळा सारख्याच घरांतली मुलं बसवतात. ९० गुणांची बौद्धिक क्षमता, ९० गुणांची शालेय क्षमता. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, सामाजिक शास्त्र ३५, गणित २०, आणि सातवी-आठवीचाच अभ्यासक्रम. म्हणजे विषय शिक्षक आहेत की नाहीत ते तिथे उघडं पडतं.

पण आकडा कोणता घ्यायचा? 'निवड झालेले' घेऊ नका. निवड जिल्ह्याच्या कोट्याने आणि प्रवर्गाने होते, त्यात शाळेचा हात थोडाच. आठवीचा एकूण पट, परीक्षेला बसलेले आणि पात्र ठरलेले, हे तीन आकडे मागा आणि किमान तीन वर्षांचे मागा. आठवीत ४५ मुलं, बसवली ५, पात्र ५, आणि फलकावर "१०० टक्के निकाल": असं करणाऱ्या शाळेपेक्षा ४५ पैकी ३० बसवून १२ पात्र करणारी शाळा मी कधीही पसंत करेन. पहिलीने निवडक पाच जण घोटवून घेतले, दुसरीने वर्ग शिकवला.

तिसरं, नियतकालिक मूल्यांकन चाचण्या. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्याची, पण तपासतात त्याच शाळेचे शिक्षक. त्यामुळे दोन शाळांची सरासरी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एकाच शाळेत पायाभूत ते संकलित दोन किती फरक पडला एवढं पाहायला ठीक.

अजनी_चौक

शाळेत जाऊन काय बघायचं ते सांगतो.

वेळ आधी. एप्रिलमध्ये जाऊन उपयोग नाही, सकाळची शाळा, उन्हाने आणि परीक्षेने वर्ग अर्धे रिकामे. जानेवारी-फेब्रुवारीत जा, किंवा शाळा उघडल्यावर जुलैच्या मध्यात. आपल्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडते, त्यामुळे पहिला आठवडा पुस्तकं आणि गणवेश वाटण्यात जातो. मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेला पोचा. सकाळची शाळा सगळीकडे ठीकच दिसते.

वेळापत्रक भिंतीवर असतं. त्यात सातवीच्या गणित आणि विज्ञानासमोर कोणाचं नाव आहे ते बघा, आणि त्या तासिकेला ती व्यक्ती वर्गात आहे का तेही बघा. वेळापत्रकात नाव आणि प्रत्यक्षात बाई पंचायत समितीत माहिती भरायला गेलेल्या, हे सरकारी शाळेचं जुनं दुखणं आहे. कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात, पण मतदार याद्यांचं काम निवडणुकीतच मोडतं आणि ते महिनोन्महिने चालतं. "या वर्षी बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम तुमच्या किती शिक्षकांकडे आहे?" हे विचाराच. चार शिक्षकांच्या शाळेत दोघांकडे ते असेल तर फरक पडतो.

मग सातवीच्या कोणत्याही तीन मुलांच्या गणिताच्या वह्या मागा. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. पहिल्या बाकावरच्या नको, मधल्या रांगेतल्या घ्या. तारखा बघा, दोन तारखांत किती अंतर आहे ते बघा. मग लाल शाई कुठे आहे ते बघा. समीकरण सोडवताना मुलाने उजवीकडे नेलेल्या पदाचं चिन्ह बदललेलं नाही, उत्तर चुकलंय, आणि खाली नुसती सही आणि 'पाहिले': ही वही तपासलेली नाही, मोजलेली आहे. तेच चुकलेल्या ओळीभोवती गोल, शेजारी बरोबर चिन्ह आणि खाली मुलाने तेच उदाहरण पुन्हा सोडवलेलं, असं दिसलं तर त्या शाळेला गणिताचा शिक्षक आहे हे मी पदाचा कागद न बघताही मान्य करेन.

विज्ञानाचं कपाट उघडायला सांगा. आठवीला आम्ल-आम्लारी आहे, त्याला लिटमस कागद लागतो. लिटमसची पुडी फोडलेली आहे का? परीक्षानळ्यांवर धूळ आहे की डाग? डाग असतील तर आनंद माना.

ग्रंथालयात पुस्तकांची संख्या विचारू नका, देवघेव रजिस्टरची शेवटची तारीख बघा.

जिचकार_ले_आउट

तुलना करून राहिले ते चांगलंच, पण पटाचा मुद्दा कोणी बोलून नाही राहिलं. आमच्या इकडे लोक म्हणतात, लहान शाळा बरी, सहावीत बारा मुलं, लक्ष राहते. राहते, पण तो वर्ग पुढच्या वर्षी राहील का?

शिक्षकांची पदं संचमान्यतेने ठरतात, म्हणजे पटावरून शाळेला किती पदं ते मंजूर करतात. ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार पडताळणी झालेला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि सर्वांत मोठा फटका कमी पटाच्या सहावी-आठवीला बसला. वरच्या तिन्ही वर्गांत मिळून विसाच्या आसपास पट असेल तर त्या शाळेचं विषय शिक्षकाचं पद डगमगते आहे असं समजा. शिक्षक दुसरीकडे समायोजित होते, मुलं त्याच वर्गात बसून राहतात, नाहीतर सत्राच्या मधात दुसऱ्या शाळेत पाठवतात. म्हणून जिल्हा परिषदेची शाळा निवडताना मागच्या तीन वर्षांचा पट घ्या, आणि आधार न जुळलेली मुलं किती ते विचारा. पट ३४ आणि आधार जुळलेले २६, तर पदं २६ वर मिळतात.

दुसरं, जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या होतात. फेब्रुवारीत पाहिलेले गणिताचे सर जुलैत नरखेडला असू शकतात. हद्दीला लागून असलेल्या शाळा सगळ्यांना पाहिजे असतात, म्हणून तिथं पद सहसा रिकामं राहत नाही. आतल्या गावात राहते. तुमच्या बाजूची शाळा शहराला लागून आहे, हा फायदा खरा आहे.

खडू_फळा

जिचकार_ले_आउट यांचा मुद्दा बरोबर, एक दुरुस्ती. कमी पट म्हणजे लगेच वाईट असं नाही. विसाच्या खाली जोखीम आहे हे मान्य, पण ४० ते ६० च्या टप्प्यात तीन विषय शिक्षक असतील तर सरकारी व्यवस्थेत याहून चांगली शाळा मिळणं कठीण. आणि १०० च्या वर गेलं की कायद्याने पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक लागतात. ते प्रत्यक्षात आहेत का हे वेगळं विचारा, कारण निदेशकांच्या नेमणुका मध्येच थांबतात. मुख्याध्यापक प्रभारी असतील तर वर्गावरचा एक शिक्षक कमी धरा.

मानेवाडा_पालक

खूप उपयोगाचं. दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे, मग आठवीचं काय? आणि मनपाच्या माध्यमिक विद्यालयात सेमी आहे, बाकी दोन्हींत पूर्ण मराठी. याचा विचार कसा करायचा?

सीताबर्डी_वाचक

आठवीचा तिढा जुन्या रचनेमुळे आहे. आपल्याकडे पहिली-चौथी, पाचवी-सातवी, आठवी-दहावी अशी वाटणी होती. शिक्षण हक्क कायद्याने पहिली-पाचवी आणि सहावी-आठवी केली. कितीतरी शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, कितीतरींना नाही. म्हणून सातवीपर्यंतची शाळा निवडली तर दोन वर्षांनी पुन्हा शाळा शोधावी लागेल, आणि तेही अडचणीच्या वर्षी: आठवीतच एनएमएमएस, आणि २०२३ च्या राज्याच्या दुरुस्तीनंतर आठवीलाच वार्षिक परीक्षा. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही नाही सुटली तर त्याच वर्गात. एनएमएमएसला बसायला सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०, आणि सातवीचं गुणपत्रक जुन्या शाळेचं, अर्ज नव्या शाळेतून. नवी शाळा मुलं ओळखू लागेपर्यंत अर्जाची मुदत जवळ आलेली असते.

म्हणून माझा कौल आठवीपर्यंतच्या शाळेला. सातवीपर्यंतची शाळा घ्यायची तर तिथे विषय शिक्षक ठळकपणे चांगले असले पाहिजेत, आणि तिथली मुलं आठवीला कुठे जातात ते मुख्याध्यापकांकडून नावानिशी कळलं पाहिजे. ती जिथे जातात त्या शाळेचा दहावीचा निकाल मग बघा.

आठवीपर्यंतच्या शाळेलाही हाच प्रश्न नववीसाठी विचारा.

खडू_फळा

सेमीबद्दल. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, पुस्तकं बालभारतीचीच. अभ्यास तोच. पाचवीपर्यंत भाज्य-भाजक शिकलेल्या मुलीला सहावीत डिव्हिडंड-डिव्हायझर येतील, आणि लसावि-मसावि थेट एलसीएम-एचसीएफ म्हणून. शब्द दोन-तीन महिन्यांत बसतात. अडतं ते शाब्दिक उदाहरणांत, कारण वाक्यच वाचता येत नाही. तेव्हा मुलीला पाचवीच्या इंग्रजी पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या आणि अर्थ मराठीत सांगायला लावा. चार-पाच ओळींत तीनदा अडखळली तर सहावीत सेमी घाईचं होईल.

शाळेकडून दोन गोष्टी पाहा. सेमीची तुकडी स्वतंत्र आहे, की एकाच वर्गात अर्ध्यांकडे मराठी आणि अर्ध्यांकडे इंग्रजी पुस्तक आहे? मागाहून बसवलेल्या सेमीत दुसरा प्रकार होतो आणि दोन्हीकडची मुलं मागे पडतात. आणि फळ्यावर काय लिहिलं जातं? शिकवणं मराठीत, फळ्यावर इंग्रजी संज्ञा, हे चालतं. पुस्तक इंग्रजी आणि फळा पूर्ण मराठी असेल तर परीक्षेत मूल उघडं पडतं.

नववीला जिथे जाणार तिथे फक्त सेमीच असेल, तर सहावीला बदलणं नववीला बदलण्यापेक्षा सोपं.

नंदनवन_ताई

मुलीची शाळा आहे, म्हणून सांगते. सहावी ते आठवीत मुली घरी बसायला लागतात ते शौचालयामुळे, आणि हे प्रपत्रात 'चालू स्थितीत: २' असं लिहून संपतं. आत जाऊन बघा. कडी आतून लागते का, नळाला पाणी दुपारी तीन वाजता येतं का, कचऱ्याची झाकणाची पेटी आहे का. सकाळी टाकी भरलेली असते, म्हणून दुपारचंच बघा. सॅनिटरी पॅड कोणत्या बाईंकडे मागायचं ते एखाद्या सातवीतल्या मुलीला विचारा. तिने लगेच नाव सांगितलं तर सोय आहे. शाळेत सखी सावित्री समिती (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची) असायला हवी, तिच्या सदस्यांची नावं आणि तक्रारपेटी दर्शनी भागात आहे का ते पाहा.

वर्गाचं छप्पर बघा. टिनाचं असेल तर आपल्या नागपूरच्या मार्चमध्ये दुपारी तिथे कोणी शिकू शकत नाही. वरच्या मजल्यावरचा स्लॅबही तापतो, पंखे चालू आहेत का ते बटन दाबून पाहा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती कुठवर आली त्याची रेघ उन्हाळ्यातही दिसते.

पोषण आहार आठवीपर्यंत असतो. सहावी-आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पहिली-पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्या दिवशीची हजेरी फळ्यावर असते. वरच्या वर्गांचे ८० हजर असतील तर तांदूळ १२ किलो, डाळ २ किलो ४०० ग्रॅम, भाजी ६ किलो लागली पाहिजे. मोठ्या मुलांना छोट्यांच्या मापाने वाढणं, ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि सातवीतली मुलं अर्धपोटी तासाला बसतात. चव नोंदवहीत रोज सही हवी, आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने एकाच दमात केलेल्या ओळखू येतात.

आणि सखुबाई-गंगूबाई काय म्हणतात ते ऐका, म्हणजे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मदतनीस बाया. कोणते शिक्षक वेळेवर येतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

अजनी_चौक

ताईंचं बरोबर. भर एवढीच की शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त बघायला मागा. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. इतिवृत्तात दर वेळी "सर्वानुमते मंजूर" एवढंच असेल तर बैठक कागदावर झाली. "सातवीच्या मुलांना भागाकार येत नाही, जादा तास घ्यावा" असा एखादा ठराव दिसला तर तिथे पालक बोलतात. संयुक्त शाळा अनुदानाचा खर्चही तिथेच कळतो: १०१ ते २५० पटाला वर्षाला ५०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. त्यात वीज, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं. एवढ्याशा पैशात एखाद्या शाळेने पंखे आणि नळ चालू ठेवले असतील तर मुख्याध्यापक कामाचे आहेत.

मानेवाडा_पालक

एका शाळेत मंजूर आणि रिक्त पदांचा आकडा "कार्यालयातून घ्या" असं सांगितलं जातं. कार्यालय नेमकं कोणतं?

सीताबर्डी_वाचक

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. बेसा-पिपळा भाग नागपूर ग्रामीण तालुक्यात येतो. मनपाच्या शाळेसाठी त्या भागाचे शाळा निरीक्षक आणि वर सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातला शिक्षण विभाग. तोंडी विचारून मिळतं बहुतेक वेळा.

नाहीच मिळालं तर माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून पदांचा अर्ज वेगळा आणि एनएमएमएसचा वेगळा करा. एकत्र केला की त्याच कारणाने परत येतो. "शिक्षक का नाहीत?" असं विचारू नका, कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक होत नाही. असं लिहा: "अमुक यू-डायस कोडच्या शाळेच्या मागील तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती आणि इयत्ता सहावी ते आठवीच्या कार्यरत शिक्षकांची विषयनिहाय यादी द्यावी." ३० दिवसांत उत्तर यायला हवं. जानेवारीत टाकलात तर शाळा ठरवायच्या आधी हातात असेल.

खडू_फळा

प्रवेशाचं राहिलं. सरकारी शाळेत सहावीला चाचणी घेऊन प्रवेश देता येत नाही, आणि तुम्ही मनपा हद्दीत राहता म्हणून जिल्हा परिषदेची शाळा नाही म्हणणार नाही. पट त्यांनाही हवा आहे. कायद्याने शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. त्याला उशीर झाला तरी नवी शाळा मुलीला वर्गात बसवते.

मात्र दाखला घेताना मुलीचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते तिथेच उभं राहून बघा, आणि तिचा यू-डायसवरचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लिहून घ्या. जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडल्याशिवाय नव्या शाळेच्या पटावर ती दिसत नाही, आणि ३० सप्टेंबरपर्यंत दिसली नाही तर पुस्तकांच्या आणि पदांच्या हिशेबात ती धरली जात नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना एकदा विचारून खात्री करा.

मानेवाडा_पालक

यू-डायस कोड टिपायला उद्या तिन्ही शाळांत जातो. मनपाच्या उच्च प्राथमिकेत गणित-विज्ञानाचं पद भरलेलं निघालं तर तीच, नसेल तर माध्यमिक विद्यालय आणि सेमी. आकडे आले की इथे टाकतो, या भागातल्या बाकी पालकांनाही लागतील.

जिचकार_ले_आउट

टाका नक्की. सोबत तिरका पटही टाका, मागच्या वर्षीची सहावी आणि यंदाची सातवी. आणि माध्यमिक विद्यालय लांब आहे म्हणता, तर 'आपली बस'ची (मनपाची शहर बस) वेळ शाळा सुटायच्या वेळेशी जुळते का ते पाहून घ्या. सहावी-आठवीला घरापासून तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा राज्याचा नियम आहे. त्याच्या पुढं गेलं की हिवाळ्यात मुलगी घरी येईस्तोवर अंधार पडते.